दुसऱ्या गटाचे गुटगुटीत उंदीर

"झाडपाल्याला काही साइड इफेक्ट नसतो," हे वाक्य आमच्या सरांसमोर उच्चारायची सोय नव्हती. बोलणारा विद्यार्थी असो, प्राचार्य असोत, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा असो, सर हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि अतिशय गोड आवाजात विचारायचे, "धोत्र्याचं बी आणून देऊ का? झाडपालाच आहे की. नाहीतर कण्हेर घ्या, दारातच आहे." एका लग्नात त्यांनी हे चक्क नवऱ्या मुलाच्या काकांना विचारलं. ते गृहस्थ अर्धी जिलबी पानात टाकून उठले आणि पुढं फोटो काढेपर्यंत कुणाला दिसले नाहीत.

गंमत अशी, की याच माणसानं उभा जन्म झाडपाल्यात घालवला होता. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ते औषधी वनस्पती शिकवायचे. स्टेरॉइड जास्त झालं की लिव्हर आणि किडनीची नासाडी होते, ती एखाद्या वनस्पतीच्या अर्कानं रोखता येते का, हा त्यांचा आयुष्याचा प्रश्न. उत्तर 'येते' असं यावं ही जगात सर्वांत जास्त इच्छा त्यांची, आणि तसं उत्तर आलं की सर्वांत जास्त संशयही त्यांनाच. प्रयोग फसला की ते सगळ्या लॅबला भजी खाऊ घालायचे. यशस्वी झाला की एवढंच म्हणायचे, "बरं. आता पुन्हा करा." त्यामुळे आमच्या बॅचला भज्यांची सवय लागली होती आणि यशाची धास्ती बसली होती.

दिसायला सर म्हणजे उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. सुकवायला घेतलेली झाडं ते वर्तमानपत्रांत घालून स्वतःच्या गादीखाली दाबून ठेवायचे. कॉलेजात त्यासाठी चांगला लाकडी दाब होता, पण त्यांचा विश्वास गादीवर. "माणूस कूस बदलतो, त्यामुळं दाब सगळीकडं सारखा बसतो," असं त्यांचं शास्त्र. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला सांगायच्या, "माझ्या माहेरची माणसं मुक्कामाला राहत नाहीत गं आता. भाऊ आला होता, सकाळी उठला तर ह्यांनी त्याच्या पाठीखालनं माका काढला, बघितला, आणि म्हणाले, मेहुणे, अजून एक रात्र थांबलात तर बरं होईल."

स्कूटरवर बसले की सरांची नजर रस्त्यावर नसायची, रस्त्याच्या कडेला असायची. एकदा सात रस्त्याच्या चौकात, ऐन गर्दीच्या वेळी, त्यांनी दुभाजकाला लागून स्कूटर उभी केली. मी मागं बसलेली. दुभाजकाच्या भेगेतून घेटुळी पसरली होती. पुस्तकात तिला पुनर्नवा म्हणतात. लालसर देठ, इवली जांभळट फुलं. सर गुडघ्यावर बसून मूळ मोकळं करायला लागले. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ. ट्रॅफिक हवालदार धावत आला.

"ओ काका, हितं काय लावलंय? गाडी काडा की!"

"साहेब, दोन मिनिटं. मूळ तुटलं तर उपयोग नाही. जरा ही पिशवी धरता का?"

आणि त्या हवालदारानं पिशवी धरली! मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं तो गाड्यांना वाट दाखवत होता. मूळ निघाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कशावर चालतं हे? माझ्या पायाला सूज येती." सरांनी त्याला घेटुळी दिली नाही. डॉक्टरचं नाव लिहून दिलं, रक्त आणि लघवी तपासायला सांगितलं. वर बजावलं, "आणि ही इथली खाऊ नका. हिनं जन्मभर धूर प्यायलाय." मग एवढ्या गर्दीत थांबलो कशासाठी, असं मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं तर तू थांबत नाहीस का?"

मला ते 'बाई' म्हणायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि या हाकेनं माझं वय पन्नास झाल्यासारखं मला वाटायचं.

आमचं घर पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, दारात माग. अम्माचे, म्हणजे माझ्या आईचे, गुडघे गेलेले. कुणीतरी तिला एक पुडी आणून द्यायला लागलं. शंभर टक्के जडीबुटी, असं देणारा छातीवर हात ठेवून सांगायचा. चौथ्या दिवशी अम्मा जिना चढली. दोन महिन्यांत तिचे गाल भरले, तोंड गोल झालं, आणि गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, "अम्मा, तोंडावर काय तेज आलंय!" मीही खूश. फार्मसीत मास्टर्स करणारी मुलगी, पण घरातलं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं.

आमच्या मागाच्या शेडमागं घेटुळी माजली आहे असं मी सरांना बोलून गेले, म्हणून ते बघायला आले. अम्मानं चहा आणला. सरांनी कप घेतला नाही. चष्मा कपाळावर गेला. घेटुळी राहिली बाजूला, ते अम्माकडंच बघत राहिले.

"अम्मा, हे तेज कधीपासून?"

पुडी घेऊन ते लगेच कॉलेजात गेले. काचेच्या पट्टीवर एका बाजूला पुडीचा अर्क, शेजारी शुद्ध स्टेरॉइड. दिव्याखाली पट्टी धरली तर दोन्ही ठिपके एकाच उंचीवर, जुळ्या भावंडांसारखे. म्हणजे पुडीत स्टेरॉइडच. मी घरी फोन केला आणि अम्मा पुड्या गटारात टाकायला निघाली. सरांच्या ते लक्षात आलं मात्र, माझ्या हातातून फोन हिसकावून ते ओरडले, "टाकू नका! एकदम बंद करायचं नाही, शरीराला त्याची सवय झालेली असते. मी येतोय!" त्यांनी स्वतः रिक्षात घालून अम्माला डॉक्टरकडं नेलं आणि डॉक्टरनी हळूहळू ते सोडवलं.

"सर, पण गुडघा दुखायचा तर थांबला होता की," अम्मा रिक्षातही कुरकुरत होती.

"गुडघा गप्प बसला होता अम्मा. त्याच्या वाटचं तुमचं लिव्हर सोसत होतं."

तपासण्यांत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले, किडनीचे थोडे. काही महिन्यांत ते खाली आले, अम्माचे गाल पूर्ववत बसले, आणि गल्लीतल्या बायका हळहळल्या, "तब्येत उतरली बघा." मी माझ्या प्रबंधाचा विषय पुडी तपासली त्याच आठवड्यात ठरवला होता: स्टेरॉइडनं होणारं नुकसान आणि घेटुळीचा अर्क.

प्रयोग पांढऱ्या उंदरांवर. पहिला गट नुसता धडधाकट. दुसऱ्याला फक्त स्टेरॉइड. तिसऱ्याला स्टेरॉइड आणि एक नेहमीचं औषध. चौथ्या-पाचव्याला स्टेरॉइड आणि घेटुळीचा अर्क, कमी आणि जास्त. सगळी मदार दुसऱ्या गटावर. तो आजारी पडला पाहिजे, तरच बाकीचे वाचले असं म्हणता येतं. सर उंदरांना 'पाहुणे' म्हणायचे. शेवटच्या दिवशी, जेव्हा पाहुण्यांचे प्राण घ्यावे लागतात, त्या दिवशी ते डबा उघडायचे नाहीत. त्याबद्दल कधी काही बोलायचेही नाहीत. डबा असा भरलेला परत का येतो, असं काकूंनी मला विचारल्यावर ते कळलं.

अ‍ॅनिमल हाउस सांभाळायचे मामा. सांगोल्याकडचे, मेंढरांमागं अर्धं आयुष्य चाललेले, गुडघे थकल्यावर पुतण्यानं कंत्राटावर इथं चिकटवलेले. रोज सकाळी ते प्रत्येक उंदराचं वजन करायचे आणि मोठ्या, गोल अक्षरात वहीत लिहायचे.

अठ्ठावीस दिवस झाले. रक्ताचे नमुने काढून तपासायला दिले. सर तेव्हा परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी होते. पुढचं सगळं ते आल्यावर व्हायचं होतं. रिपोर्ट आले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा गट जवळजवळ ठणठणीत! ज्यांचं लिव्हर खराब व्हायला हवं होतं, किडनी दमायला हवी होती, त्यांचे आकडे अर्क पाजलेल्या उंदरांसारखेच. म्हणजे अर्कानं काही केलं नाही, असा त्याचा अर्थ. वर्षभराची मेहनत पाण्यात.

आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीनं मला क्वालिटी विभागासाठी निवडलं होतं. अट एकच: प्रबंध सादर करून ठरल्या दिवशी रुजू व्हायचं. आमच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी कुणी केली नव्हती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

मग मी ते केलं. एका सीनियरचे जुने रिपोर्ट कपाटात होते. त्यातले दुसऱ्या गटाचे आकडे घेतले, दशांश चिन्हापुढचे थोडे बदलले आणि माझ्या तक्त्यात बसवले. सुरेख तक्ता झाला. सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले. कुणाला कळणार होतं?

सर आले. तक्ता बघितला. मान डोलवली. मग मामांची वही मागवली, शेजारी ठेवली, भिंग काढलं आणि एकेका आकड्यावरून फिरवलं.

"बाई, दुसरा गट. लिव्हर गेलं, किडनी दमली. आणि वजन? पहिले आठ दिवस उतरलं, मग रोज वाढतंय! असला आजार मलाही मिळवून दे की."

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं, नोकरी, नाना, कपाटातले रिपोर्ट. मला वाटलं, आता हे मला हाकलणार. सरांनी शांतपणे तक्त्याचा कागद फाडला, चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले.

"रडायचं नंतर बघू. आधी पाहुण्यांना भेटू. हे असे गुटगुटीत का, ते मला कळलंच पाहिजे." त्यांचे डोळे लकाकत होते. माझ्या आयुष्याचं वाटोळं होत होतं आणि या माणसाला कुतूहलानं घाई झाली होती. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला.

अ‍ॅनिमल हाउसमध्ये मामा दुसऱ्या गटाच्या पिंजऱ्यापाशीच उकिडवे बसले होते. हातात कोवळी घेटुळी, आणि सहा उंदीर जाळीला तोंड लावून ती कुरतडताहेत.

"मामा," सर अगदी हळू म्हणाले, "हे रोज घालता?"

"व्हय. मीच घालतो की."

"यांनाच का पण?"

"आवं सर, सुई टोचलेल्या बाकीच्यास्नी तुमी रोज काय ना काय पाजताय. ह्या गरिबास्नी निस्ती सुई टोचायची आन् सोडून द्यायचं. पयल्या आठ दिसांत सुकून गेली हुती जनावरं, अंगावरचं क्यास ताठ. कळपात एकादं कोकरू असं सुकलं तर आमी त्येला बाजूला घिऊन हिरवं घालतो. हितं हिरवं कुटं घावतंय? तुमी अर्काला आनताय त्या पोत्यातलीच घातली, कवळी कवळी बगून." मग अभिमानानं म्हणाले, "कशी झाल्यात बगा आता!"

सर खाली पोत्यावर बसले आणि हसत सुटले. चष्मा पडला, तरी हसत होते. मामा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले आणि काय झालं हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरी, तुजं नुस्कान केलं व्हय मी?" एवढंच म्हणाले. उरलेली घेटुळी त्यांनी घाईघाईनं जाळीतून ओढून घेतली, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

कंत्राटी माणसानं प्रयोग बिघडवला असं कागदावर गेलं असतं तर मामांना दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. सरांनी हसू आवरलं आणि विचारलं, "मामा, यांना काही घालायचं नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"न्हाय. तुमी म्हनला, वजन लिवा, पानी बगा, उपाशी ठिऊ नगा."

"मग चूक कुणाची झाली?"

उत्तर सरांनीच त्या दुपारी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला पत्रात कळवलं: दुसरा गट कशासाठी असतो हे सांभाळणाऱ्याला समजावून सांगणं हे मार्गदर्शकाचं काम होतं, ते मार्गदर्शकानं केलं नाही, सबब प्रयोग बाद धरावा आणि पुन्हा करण्याची परवानगी मिळावी. समितीनं सरांना उभं करून चांगलंच झापलं. ते बाहेर आले ते भज्यांची ऑर्डर देतच.

"पण सर, घेटुळी चाललीच की!" भजी खाताना मला उमाळा आला. "कोवळी, ताजी, नुसती खाऊनही चालली."

"असं काहीही सिद्ध होत नाही. कुणी किती खाल्ली, मोजलं का? नाही. मग पुरावा शून्य." दोन भजी तोंडात टाकून ते म्हणाले, "प्रश्न मात्र झकास पडलाय."

प्रयोग पुन्हा म्हणजे परवानगी, नवे उंदीर, पुन्हा अठ्ठावीस दिवस. नोकरीची तारीख निघून जाणार होती. सर म्हणाले, "मी जाऊन येतो चिंचोळीला." भर उन्हात स्कूटरवर गेले, संध्याकाळी धुळीनं माखून परत आले.

"तीन महिने थांबतो म्हणालेत साहेब."

"काय सांगितलंत त्यांना?"

"झालं ते सांगितलं," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या खेपेला मामा म्हणजे साक्षात पहारा. दुसरा गट कशासाठी, हे सरांनी त्यांना दोन तास बसून समजावलं होतं. कुणाच्या डब्यात मेथीची भाजी असली तरी मामा त्याला दारातून परत पाठवायचे. पिंजऱ्यापुढं बसून मात्र पुटपुटायचे, "वाईच कळ काडा रं लेकरांनो. तुमच्यापायी मानसं शानी हुत्यात." या वेळी दुसरा गट आजारी पडला आणि अर्कवाल्यांचे आकडे त्याच्यापेक्षा बरेच चांगले आले. मी नाचायच्या बेतात होते. सर म्हणाले, "बरं. आता पुन्हा करा." मग एका ज्युनियरनं पुन्हा केला. माझ्या प्रबंधाच्या शेवटी सरांनी एक वाक्य ठळक अक्षरात घालायला लावलं: हे उंदरांत दिसलं आहे, माणसांत काय होईल ते आम्हाला माहीत नाही.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी अजून चिंचोळीतच आहे. गेल्या महिन्यात आमच्या विभागाचे साहेब निवृत्त व्हायला निघाले आणि त्यांच्या जागेवर माझं नाव गेलं. ऑर्डर टेबलावर होती, सही तेवढी राहिली होती. साहेबांनी चहा मागवला आणि खुशीत सांगायला लागले.

"तुमची जागा मी तीन महिने का अडवून ठेवली होती, माहीत आहे का मॅडम? तुमचे ते सर आले होते. धुळीत नुसते न्हालेले. म्हणाले, पोरीनं खोटे आकडे लिहिले होते. कुणालाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून माझ्याकडं आली, आकडे मी बनवलेत म्हणाली आणि तक्ता स्वतःच्या हातानं फाडला. आता तुम्हीच सांगा, क्वालिटीला असं माणूस तुम्हाला कुठं मिळणार? असं म्हणाले ते. मॅडम, सात वर्षं तुमच्या सहीचा कागद मी दुसऱ्यांदा तपासला नाही, तो त्याच भरवशावर."

माझा चहा हातातच राहिला. तिसऱ्या वेळी आलेल्या आकड्यावरही विश्वास न ठेवणारा माणूस, त्यानं माझ्यासाठी चिंचोळीपर्यंत स्कूटर मारून बिनदिक्कत थाप मारली होती. गप्प बसणं सोपं होतं. साहेबांनी पेन उचललंही होतं.

"साहेब," मी म्हणाले, "मी स्वतःहून नव्हतं सांगितलं. सरांनी पकडलं होतं. तक्ताही त्यांनीच फाडला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, ऑर्डरकडं बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. मग पेन पुन्हा उचललं, सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "चहा गार होतोय," म्हणाले.

मी गेटबाहेर येऊन सरांना फोन लावला. कुठल्यातरी माळावर असणार, वारा घोंघावत होता.

"सर, तुम्ही माझ्या साहेबांशी खोटं बोललात!"

"कळलं होय? कुणी सांगितलं?"

"त्यांनीच, आत्ता. आणि मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं."

"कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"कुणी पकडलं होतं?"

"नाही हो सर."

पलीकडून, त्या दिवशी पोत्यावर बसून हसले होते तेच हसू ऐकू आलं, आणि एमआयडीसीच्या भर रस्त्यात माझे डोळे भरून आले.

"मग मी खोटं कुठं बोललो, बाई? स्वतःहून सांगितलंस की. सात वर्षं उशिरा सांगितलंस, एवढंच."